समासातली सोयरीक

सप्पोरोत, ट्रामच्या शेवटच्या थांब्यामागे
इसोबेंचा छापखाना.
फेब्रुवारीत काचेवर बर्फ, आत शाईचा उबदार वास,
काउंटरशी इचिका, वय एकोणीस,
चाळीस पानं छातीशी धरून. साठच प्रती हव्यात.

एकतीस खंडांत संपलेली ती जहाजाची चित्रकथा.
शेवटच्या पानावर कप्तानाने राजकन्येशी लग्न केलं,
चित्रकाराने सही केली, तारीख घातली, विषय संपला.
इचिकाचा नाही.
तिचा कप्तान अजून नकाशे काढणाऱ्या पोराच्या
खोलीबाहेर उभा आहे,
ओले बूट हातात घेऊन.

"पुरावा काय?" पानं मोजता मोजता इसोबे विचारतात.
"खंड नववा, पान एकशे बारा.
तो त्याला आपला हातमोजा देतो.
एकच. दुसरा स्वतःकडे ठेवतो."
इसोबे चष्मा कपाळावर सारतात.
एका हातमोज्यावर एवढा संसार!
वकील असते तर खटला घेतला नसता.
मुद्रक आहेत, घेतात.

गुरुवारी येते किनुयो, रात्रपाळीची नर्स.
तिची सोयरीक अधिकृत: कप्तान आणि राजकन्या.
पोरी तिला हसतात,
तुला तर खुद्द चित्रकारानेच ताटात वाढलंय,
आणखी काय हवं?
ती म्हणते, लग्न दाखवलं हो.
दुसऱ्या दिवशी भात कोणी लावला, ते कुठे काढलंय?
तिच्या पुस्तिकेत बावीस पानं राजकन्या जागीच आहे
आणि कप्तान फरशीवर निजलाय,
कारण गादी हलत नाही.

दोघी एकदा समोरासमोर आल्या,
छत्र्यांवरचा बर्फ झटकत,
एकमेकींच्या मुखपृष्ठाकडे तिरकं बघत.
"त्याचं तिच्यावर प्रेम असूच शकत नाही."
"आहे. छापलंय."
"छापलेलं सगळं खरं असतं?"
यावर इसोबे खोकले.
चाळीस वर्षांत लग्नपत्रिका छापून नेलेल्यांपैकी
किती जण पुढे परत आले होते,
पत्ता बदलल्याची कार्डं छापायला,
वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पत्त्यांची.

"आणि समज," ते इचिकाला म्हणाले,
"उद्या बत्तिसावा खंड निघाला, तुझ्या मनासारखा?"
ती बराच वेळ स्टेपलच्या पिनांशी खेळत राहिली.
"नको," म्हणाली.
"मग त्यांच्याकडे सगळेच बघतील."

दोन शब्दांना शेजारी बसवून एक करतो तो समास,
आणि पानाच्या कडेची कोरी पट्टी, तोही समासच.
ही आपल्या भाषेतली गंमत.
इसोबेंना ती कोण सांगणार?
तरी कापणीच्या यंत्राशी वाकून
दोन्ही पुस्तिकांच्या कडा ते
तीन मिलिमीटर जास्त सोडतात.
"जागा लागते," पुटपुटतात,
"नाहीतर वाचणाऱ्याचा अंगठा
थेट चित्रावरच येतो."