तळं समोरच होतं

बुकिंग आश्लेषाचं. तिच्या नवऱ्याला सुट्टी मिळेना
आणि पैसे परत मिळेनात,
म्हणून ऐन श्रावणात, तिकडे कुणीच जात नाही तेव्हा,
आम्ही दोघी जावा ग्वाल्हेरहून निघालो.
नऊ वर्षं एकाच जिन्यानं चढलो-उतरलो होतो,
नऊ वर्षं एकमेकींशी बोललो नव्हतो.

भांडण पाण्याचं.
लष्करात आमच्या गल्लीत नळाला एक दिवसाआड पाणी,
तेही तिघऱ्याच्या धरणात असलं तर.
गच्चीवर टाक्या दोन, खाली मोटार एक,
आणि माझी टाकी कधी अर्ध्याच्या वर गेली नाही.
मी एकदा तोंडावर बोलले.
जास्तच बोलले असेन. सगळी गल्ली ऐकत होती.

दिल्लीला गाडी बदलली.
काठगोदामपर्यंत प्रमिलाताई खिडकीकडे पाहत बसल्या
आणि मी माझ्या चपलांकडे.
दशम्या त्यांच्या, लोणचं माझं,
मधोमध ठेवलं. जिला हवं तिनं घ्यावं.

वर दरड कोसळलेली. शेवटचं दीड मैल चालत.
हॉटेलात आम्ही सोडून कुणी नाही,
गाद्यांना ओल्या लोकरीचा वास.
मॅनेजरनं पडदा सरकवला, म्हणाला, "लेक व्ह्यू."
बाहेर पांढरं.
"सामने ही है, माताजी."

तीन दिवस सगळे हेच म्हणत राहिले:
भुट्टेवाला, मेणबत्त्या विकणारी,
देवळातला पुजारी, हात नुसता धुक्याकडे करून,
सामने ही है.
आम्ही देवावर ठेवतो तसा तळ्यावर विश्वास ठेवला
आणि खोलीत येऊन मोजे वाळत घातले.

तिसऱ्या दिवशी ताई बोलल्या, मला नव्हे, छत्रीला:
"आलोच आहोत तर नावेत तरी बसू."

नाववाल्यानं वीसेक वल्ही मारली तशी काठ गेला.
मग नावेचं टोक गेलं.
मग ताई गेल्या,
दोन हातांवर बसलेल्या, नुसता खोकला उरला.
त्या खोकल्याच्या बाजूनं आवाज आला:
"नलू, मोटार मीच बंद करायचे.
रात्री तीनला उठून.
अर्धी टाकी भरली की पाण्याचा आवाज बदलतो,
तो मला पाठ होता."

वल्हं थांबलं. त्याला वाटलं, आम्ही घाबरलो.
"गहरा है," म्हणाला, "पर नाव पक्की है."

मी काहीच बोलले नाही.
जे सुचत होतं ते सगळं नऊ वर्षांपूर्वीचं होतं,
घासूनपुसून ठेवलेलं, आणि आता कुठल्याच भांड्याला
त्याचं झाकण बसेना.
हात बाहेर सोडला.
पाणी होतं. खरंच होतं.
मनगटापर्यंत गार, आणि केवढं तरी,
कुणाच्याच वाटणीचं नसलेलं.

आता घरी. घामानं पदर पाठीला चिकटतोय.
फोनमधले चाळीसच्या चाळीस फोटो कोऱ्या कागदासारखे.
शेजारच्या तोमरबाईंनी विचारलं, "क्या क्या देखा?"
नाशपातीच्या आकाराची मेणबत्ती आणलेली,
ती कपाटात एकाच दुपारी मान टाकून बसली.

काल पाण्याचा दिवस.
तीनला मोटार लागली. ताईंनीच लावली,
माझ्याकडचा व्हॉल्व्ह उघडून.
अर्धीचा आवाज आता मलाही कळला.
मग पाऊण. मग काठोकाठ.
मग पत्र्यावर धो धो.
भिंतीपलीकडे बांगडी वाजली, म्हणजे जाग्या होत्या.
बटण त्यांच्या उशाशी.
तिघऱ्याचं पाणी, पाप लागेल इतकं, गटारीत चाललेलं,
आणि कुणीच उठेना.

"नलू, वाहतंय गं," शेवटी त्या म्हणाल्या.
"वाहू दे," मी म्हटलं. "दोन मिनिटं."