बिनआधणाचा चहा

जूनमध्ये डंडीला रात्र अशी होतच नाही.
साडेनऊला टे नदीवर लख्ख ऊन,
आणि मी डबा, ओळखपत्र, असू द्यावी म्हणून छत्री घेऊन
रात्रपाळीला निघते.

निघण्याआधी बरणी.
लिटरभर गार पाणी, नळाचंच, इथलं गोड आहे.
चार चमचे आसामची पत्ती, मलमलीच्या पुरचुंडीत.
ओंजळभर रासबेरी, चमच्याच्या पाठीने
जराशा दुखावलेल्या, रंग सुटेल इतक्याच.
अर्धं सफरचंद, सालीसकट.
झाकण. फ्रीजचा मधला कप्पा. चार अंश.

रासबेरी शेजारच्या बाई देतात
आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून.
त्यांचं नाव आयला.
भाऊंनी पहिल्या दिवशी ते ऐकलं, माझ्याकडे बघितलं,
जिन्यात दोनदा पुटपुटून पाहिलं,
आणि ठरवलं, बाईमाणसाला अशी हाक मारणं
आपल्याच्याने व्हायचं नाही.
तेव्हापासून त्या गेडिसबाई.

भाऊ साखर कारखान्याच्या बॉयलरवर बत्तीस वर्षं.
जे शिट्टी देत नाही ते शिजलं
यावर त्यांचा विश्वास नाही.
"आधण नाही, उकळी नाही, आलं ठेचलेलं नाही,
अगं, पातेल्याला तरी कळायला हवं ना
चहा होतोय म्हणून!"
म्हटलं, होतो हळूहळू.
"हळूहळू दगडसुद्धा विरघळतो."

प्रयोगशाळेत मी रात्रभर हेच करते.
कुणाच्या जखमेतला, घशातला थेंब
ताटलीवर ओढायचा, चिठ्ठी लावायची,
सदतीस अंशांच्या कपाटात ठेवून द्यायचा
आणि दार सारखं उघडायचं नाही.
पहाटे दोनला केव्हातरी वाटतं,
या गावाच्या दोन टोकांना माझी दोन कपाटं आहेत.
एकात नको ते वाढतंय,
एकात हवं ते उतरतंय,
दोन्हीकडे बिनबोभाट.

सकाळी आठला घरी. बूट न काढताच
बरणी खिडकीशी धरली.
सवयच ती, आधी रंग बघायचा, मग बोलायचं.
पातळी जिथल्या तिथे.
रंग मात्र चौथ्या तासाचा.
सिंकमध्ये विसळलेला पेला,
त्याच्या काठाला एकच गुलाबी धागा.

भाऊ फोनवर पेपर वाचत होते,
चष्मा कपाळावर.
"झोप लागली?"
"इथे सूर्य मेला झोपू देतो का?"
मीही मग विचारलं नाही
की दहा तासांच्या चहात
नळाचं ताजं पाणी कुठून आलं.
फिक्या चहाचे दोन पेले भरले.
त्यांनी पेला दोन्ही हातांत धरला
आणि सवयीने फुंकर मारली.
मग माझ्याकडे बघितलं.
मी सफरचंदाची फोड चघळत राहिले.

दुसऱ्या रात्री दोन बरण्या ठेवल्या.
चिठ्ठ्या लावल्या, नमुन्यांना लावते तशाच,
नाव, तारीख, भरल्याची वेळ.
दुसरीवर लिहिलं, द. रा. कुंभोजकर.
निरीक्षणाची जागा कोरी सोडली.

सकाळी ती भरलेली होती,
कारखान्याच्या वहीतल्या त्या उभट अक्षरांत:

१२.१० नुसतं पाणी.
२.०० वास धरला.
३.४० बाहेर उजाडलं. तळाशी लाल, वर पिवळा. ढवळलं नाही.
५.१५ चाखला. साखर नाही, तरी तक्रार नाही.

आणि खाली जागा संपली म्हणून
कडेकडेने, तिरकं:

६.४५ एक पेला शेजारी दिला,
श्रीमती आयला यांस.