हातच्याची वजाबाकी

मार्लिस हावीस्टो आधी हातमोजे काढते, मग टोपी,
मग खुर्ची जरा पुढे ओढून विचारते,
"दोन्हीकडून मिळणार ना?"

दोन्हीकडून म्हणजे,
एक तो कामावर असताना मेला म्हणून,
आणि एक तो काम करत आला म्हणून:
एकवीस वर्षं, काउंटीच्या बर्फ लोटायच्या गाडीवर,
दर पगारातून थोडं थोडं कापून देत.

मी मान हलवते. हो आणि नाहीच्या मधोमध.
पेन्शनच्या या खिडकीत सतरा वर्षांत
तेवढी एक हालचाल मी नीट शिकले.

मिळतात, मार्लिस. दोन्ही मिळतात.
पण दोहोंची बेरीज
तो जिवंतपणी घरी आणायचा त्याच्या वर
जाऊ द्यायची नाही, असं आहे.
गेलीच तर भरपाईवाले आपल्यातून कापतात.

कागद तिच्याकडे फिरवते:
भरपाई आठवड्याला सहाशे चाळीस.
आमची पेन्शन तीनशे पाच.
त्याचा पगार, कर जाऊन, आठशे बारा.
वर उरले एकशे तेहतीस, ते वजा.

"म्हणजे मेल्यावरही वेंडेलला
पगारवाढ नाहीच," ती म्हणते,
आणि हसते.
मी स्टेपलर उगीच सरळ करून ठेवते.

माझे आजोबा लाओसच्या डोंगरात
दुसऱ्यांच्या लढाईत गेले.
त्यांच्या मरणाचं खातंच कुणी उघडलं नाही,
त्यामुळे वजावटही नाही.
हे मी तिला सांगत नाही. सांगून
तिचे एकशे तेहतीस परत येणार नाहीत.

"हे आठशे बारा कुठून आणले?"

मागच्या सव्वीस आठवड्यांची सरासरी.

ती बोटांवर मोजते. एप्रिलअखेर, मे, जून...
बोटं थांबतात.
"हा तर गवत कापायचा पगार.
रस्त्याकडेचं गवत, खड्डे, मेलेली हरणं उचलणं.
पैसे तो हिवाळ्यात कमवायचा. रात्रपाळीचे, जादा तासांचे.
आणि मेला तो हिवाळ्याच्या पहिल्याच रात्री."

सतरा वर्षांत
मी इतकी साधी गोष्ट पाहिली नव्हती:
माणूस बर्फात जातो
आणि त्याचा भाव गवतावर ठरतो.

ती पिशवीतून दोन कॅलेंडरं काढते,
गळाची आमिषं विकणाऱ्या दुकानाची,
वर दर महिन्याला वेगळा मासा.
चौकटीत पेन्सिलीने वेळा. निघतानाची, परतल्याची.
"गराजच्या दाराशी लटकायची. पगाराच्या चिठ्ठीवर
त्याचा कधी विश्वास नव्हता."

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी.
चौदा तास. सोळा. अकरा.
ख्रिसमसच्या चौकटीत नऊ,
आणि बाजूला तेलाचा अंगठा.

मी म्हणते, भरपाई माझ्या हातात नाही,
मी फक्त पत्र लिहू शकते.
हंगामी जादा तास, पुन्हा मोजावेत, प्रत जोडली आहे.
मानतील, किंवा उत्तर द्यायला मार्च उजाडेल.

"लिही," ती म्हणते. "माझ्याकडे मार्च आहे."

झेरॉक्सच्या काचेवर मी मासे पालथे घालते.
शेवटचं पान, ह्या वर्षीचं, ऑक्टोबर.
शेवटून तिसरी चौकट:
दोन चाळीस, मग आडवी रेघ,
रेघेपुढे कोरं.

"त्या रात्रीचे किती तास धरायचे?"

पोलिसांच्या अहवालात पाच दहा लिहिलंय.
पुलावर, ट्रकवाल्याने फोन केला तेव्हाचे.

मशीन आहे टेबलावर. तरी मी पेन्सिल घेते,
छावणीतल्या शाळेत पाटीवर करायचे तसं
एकाखाली एक मांडते.
दहातून चाळीस जात नाहीत.
शेजारच्या पाचाकडून एक तास उसना घेते,
पाचावर काट मारून वर चार लिहिते.
सत्तरातून चाळीस, तीस.
चारातून दोन, दोन.

अडीच, मी म्हणते.

ती कॅलेंडर आपल्याकडे ओढते,
माझी पेन्सिल मागून घेते,
आणि रेघेपुढे, त्याच्यासारखाच पाच काढायचा प्रयत्न करते.