अर्धा सूत

रेस धरत नाही.
आपोआप वाढते, आपोआप बसते,
झोपेत कुणी बडबडावं तशी.
मंद्रूपच्या मेस्त्रीनं कान लावला, हात पुसले,
"पंपाच्या पोटात हाय कायतरी," म्हणाला,
आणि चहाला गेला तो गेलाच.

मग मीच उघडला पंप. ताटात मांडला.
जेवायच्या ताटात, हो.
घरात तेवढं सपाट आणि स्वच्छ दुसरं काही नव्हतं.
सहासष्ट सालचं झेटर.
ज्या देशातून आलं त्याचे आता दोन देश झालेत,
पुस्तकातल्या अक्षरांच्या डोक्यावर बारक्या टोप्या,
एक शब्द लागत नाही. चित्र लागतं:
बोटाएवढी कमान, दोन पाय, शेजारी बाण, आकडा सत्तावीस.
सत्तावीस नंबरचे पाय झिजले होते.

रुमालात बांधून सोलापूर गाठलं.

शोरूममधला पोरगा पडद्याकडं बघतच म्हणाला,
"मॅडम, हे मॉडेल येत नाही."
येत नाही कसं? आलंय की.
माझ्या दारात उभंय, त्याच्यावर कोंबडी बसलीय.

विजापूर वेशीजवळ मौलासाब नदाफ
लोखंडाच्या ढिगाऱ्यावर खुर्ची टाकून बसलेला.
"मालक कुठंयत?"
मीच.
मग खुर्ची मला दिली. रुमाल सोडला. "अच्छा, गुलेल!"
तासभर उपसत होता.
उर्सुसची निघाली, बेलारूसची निघाली,
कुणाच्या शिलाई मशीनचं पायडल निघालं,
विंचू निघाला एक, तो त्यानं चिमट्यानं बाजूला ठेवला.
माझी निघाली नाही.
पाणी पाजलं. पैसे विचारले तर रागावला.

बाळ्याला गुरुसिद्ध हत्तुरे, चष्मा कपाळावर.
"कवलु," म्हणाला, तळहातावर तोलत. "इदु सिगल्ल, अक्का."
मिळत नाही हे कुठल्याही भाषेत
मला आता तोंडावरून कळायला लागलं होतं.
पण त्यानं पाकिटाच्या मागं एक पत्ता लिहिला.

अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत मागांचा एवढा खडखडाट
की दुकान विचारून सापडत नाही,
जळक्या तेलाच्या वासानं सापडतं.
नारायण यनगंटी. त्याचं लेथ
बंद पडलेल्या मिलच्या लिलावातलं, बापानं घेतलेलं.
"पंग," म्हणाला तो.
आमच्यात बेचकं म्हणतात.
"चिंचा पाडायचं?"
चिंचाच.
दोघं हसलो, मागांत ऐकू कुणालाच गेलं नाही.

कॅलिपर लावला, कमान उजेडाकडं धरली.
"अर्धा सूत गेलाय."
एवढ्यानं?
"आई माझी कांड्या भरायची, बाई.
वीतभर सूत कमी भरलं की मजुरी कापायचे.
अर्धा सूत म्हंजे काय कमी झालं का?"

मागाच्या मोडक्या दांड्याचा तुकडा घेतला त्यानं.
पहिली कमान वाकडी झाली, कोपऱ्यात फेकली.
दुसरी लाल केली, तेलात विझवली,
मग कानस घेऊन बसला, गालावर घासून बघत,
दाढी केल्यावर बघतात तसं.
दोनशे ऐंशी रुपये.
झिजलेली परत दिली. "ठेवा. मापाला लागंल."

शेवटची बस. मग बॅटरीच्या उजेडात
सगळं उलट्या क्रमानं आत.
मारली. नाही. नळीत हवा.
नट सैल केला, फेस सुटला, डिझेल आलं, आवळला.
मारली.
धुराड्यावरचा गोडेतेलाचा डबा उडाला,
कोंबडी उडाली,
आणि रेस बसली. जिथं सोडली तिथं बसली.
शेजारचे उठून आले, काय जळलं म्हणून.

ताट तीनदा घासलं तरी
आमटीला डिझेलचा वास आला.
दोनदा वाढून घेतली.