शुक्रवारचा डाव

ऑस्विनची पाठ दुखायची,
एवढंच आम्हाला माहीत.
चाळीस वर्षं जाळी ओढली, दुखणारच, म्हणालो आम्ही
आणि त्याच्या पेल्यात अजून एक बोट रम ओतली.

मार्चमध्ये तो गेला.
हाडांत उतरलं होतं, त्याची बायको म्हणाली.
कुठून उतरलं ते तिनं सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही.
स्पाइटस्टाउनच्या या दुकानामागे, डॉमिनोच्या टेबलाशी
त्याच्या जागी आता त्याचा जावई बसतो, कीरॉन,
फार विचार करून सोंगटी टाकतो.

मग चर्चसमोर ती पांढरी गाडी लागली.
भोंग्यातून एक बाई सांगत होती
चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांनी यावं,
तपासणी फुकट आहे, लाजू नये.
व्हर्नल म्हणाला, मला तिथं हात लावायचा
तर डॉक्टरला आधी माझ्याशी लग्न करावं लागेल.
लिस्टननं एक बोट वर करून दाखवलं.
टेबल हादरेपर्यंत हसलो आम्ही.
सगळ्यांत मोठ्यानं मी.

रात्री मी तीनदा उठतो. कधी चारदा.
अंधारात उभा राहतो, थेंबाची वाट बघत.
युनिस भिंतीकडे तोंड करून पडलेली असते,
आणि मला माहीत आहे, ती मोजते.
एका सकाळी चहाच्या कपाशेजारी
तिनं बसचे सुटे पैसे ठेवले.
ब्रिजटाउनचे. जाऊन-येऊन.

तिथं मला कोण ओळखणार?
बाकावर एक माणूस क्रिकेटचं पान
तोंडासमोर धरून बसला होता.
खाली बूट दिसत होते, काळे, पॉलिश केलेले,
ऑस्विनला खांदा देताना घातले होते तेच.
मी पलीकडच्या टोकाला बसलो.

रक्त काढलं, गळ टोचतो त्याहूनही हळू.
आणि ते दुसरं,
ज्याच्यावर आम्ही वीस वर्षं हसत आलो,
ते डिझेलच्या डब्याचं झाकण उघडायच्या आत संपलं.
डॉक्टरीणबाई तेवढ्यात मला
उडत्या माशांचा भाव विचारत होत्या.
मी बरोबर सांगितला.

परतीच्या बसमध्ये व्हर्नल पुढे, मी मागे.

तीन आठवड्यांनी, शुक्रवारी,
लिस्टननं पुन्हा बोट वर केलं.
व्हर्नल हातातल्या सोंगट्यांकडे बघत होता.
"सात," तो म्हणाला. "सातच्याही थोडं वर."
"सोंगटीवर सात कुठले रे?" लिस्टन खिदळला,
"सहाच्या पुढे काही नसतं, म्हाताऱ्या."

कीरॉननं सोंगटी खाली ठेवली.
मी घसा साफ केला.
"परत कधी बोलावलंय तुला?" मी विचारलं,
"माझा आकडा सोमवारी कळणार आहे.
एकाच बसनं जाऊ."

कोणी काही बोललं नाही.
लिस्टनचं बोट
अजून वरच होतं.