पाचवा खिसा

अकरा वर्षं मी फक्त एवढंच शिवलंय:
जीन्सच्या उजव्या खिशाच्या पोटातला
तो बोटभर खिसा,
ज्यात काय ठेवायचं कुणालाच ठाऊक नाही.
लिनसाहेबांना विचारलं. म्हणाले,
पूर्वी लोक घड्याळ ठेवायचे.
म्हणजे तासाला एकशेवीस वेळा
मी कुणाच्या तरी वेळेला घर बांधून देत होते,
आणि मला मोरीत जायचं तर
चिठ्ठी लागायची.

मासेरू. थेत्सानेच्या कारखान्यांचं फाटक.
सकाळी साडेसहाला म्माथाकाने तळणीचे गोळे विकते.
तिचा गल्ला आमच्या पगारावर,
आमचा पगार बोटीवर,
बोट कुणाच्या तरी सहीवर.
बोट मी कॅलेंडरवर पाहिलीय. सहीसुद्धा नाही.

बाबा वेल्कमच्या खाणीत होते.
उभ्या डोंगराएवढे खाली, दुसऱ्यांच्या सोन्यासाठी.
सोन्याचा हिशेब जुळेनासा झाला तेव्हा
हेल्मेट काखेत धरून घरी आले,
आणि खोकला.
त्याच सुमारास इथे शिवणयंत्रं आली.
आई म्हणाली, पुरुषांचं झालं,
आता तुझी पाळी.

मग एका रात्री रेडिओवर टक्केवारी सांगितली.
फार लांबच्या एका गावात कुणीतरी
आमच्यावर कर बसवला होता.
आमचा देश शोधायला त्यांना
नकाशावर चष्मा लावून वाकावं लागलं असेल.
टक्के त्यांनी लावले.
टोणपे चार नंबरच्या लाइनीने खाल्ले:
बेचाळीस बायका, दोन मेकॅनिक,
आणि म्माथाकानेचं तेल.

त्सेलिसो युनियनचा. कर्ण्यावरून बोलला,
भांडवल, सार्वभौमत्व, जागतिक साखळी.
मागून कुणीतरी ओरडलं,
साखळी तुटली तर आम्ही सुटलो की पडलो?
बायका हसल्या.
त्यानेही कर्णा खाली घेतला आणि हसला,
कारण उत्तर त्याच्या कागदात नव्हतं.

मंत्रीही आले. खांद्यावर कणसाच्या नक्षीचं ब्लँकेट.
म्हणाले, परके येतील, परके जातील,
ही आपली संस्कृती, ही आपल्याच मातीतली.
बाबा रेडिओशी भांडतात तसे त्यांच्याशी भांडले, घरी बसून:
हे ब्लँकेट? अरे, हेही बोटीनंच आलं.
कुणा व्यापाऱ्यानं राजाला दिलं म्हणतात.
राजाला थंडी वाजत होती.
झालं आपलं.

रात्रभर मी तेच ब्लँकेट पांघरून विचार करत होते
की किती थंडी वाजली म्हणजे
एखादी वस्तू आपली होते.
आणि अकरा वर्षं शिवलेली का होत नाही.

जुलैत जुन्या कपड्यांच्या बाजारात गेले.
गाठोडी फोडतात तिथे, परदेशातून आलेली,
धुतलेली, पण दुसऱ्याच्या घराचा वास न गेलेली.
एक पँट हाती लागली. कंबर एवढी
की बाबा आणि मी दोघं मावू.
आतल्या पट्टीवर आमचा नंबर.
तरी नंबराचं काय, नंबर सगळ्यांचा.
मी खिशाचा कोपरा पाहिला:
टाका जरासा डावीकडे कललेला.
सुई वाकली होती त्या आठवड्यातला.
माझाच.

चाळीस मालोती, बाई म्हणाली.
मी म्हटलं, शिवायचे मला याच्या अर्धेही मिळाले नव्हते.
ती म्हणाली, मग घालायला तरी पूर्ण दे.

पस्तीसला सौदा झाला.
टॅक्सीत बसल्यावर त्या खिशात बोट घातलं.
घड्याळ नव्हतं. वाळू होती, चिमूटभर,
आमच्या नदीच्या वाळूपेक्षा बारीक आणि पांढरी.
शेजारची बाई बघत होती तरी मी जिभेवर ठेवली.
खारट लागली, की मला तसं वाटलं.
आमच्या देशाला समुद्र नाही.

मग खिसा उलटा करून शिवण चाचपली.
एवढी धुतली, वापरली, टाकली, बांधली,
अर्ध्या पृथ्वीवरून आली,
एक टाका उसवला नव्हता.