आईचं माहेरचं नाव

चौतीस वर्षं मी रेल्वे मेलच्या खोलीत पत्रं लावली.
नागपूर स्टेशन, रात्रपाळी, फलाटाच्या पार टोकाला.
दिल्लीचं मद्रासकडे, कलकत्त्याचं मुंबईकडे,
अख्ख्या देशाचं बोलणं माझ्या हातावरून जाई
अन् मला त्यातलं अक्षर ठाऊक नसे.
पिशवीच्या तोंडाला सुतळी, सुतळीवर लाख,
लाख गरम असतानाच शिक्का दाबायचा.
फुटकी निघाली तर जबाब लिहून द्यावा लागे:
किती वाजता, कोणासमोर, वजन किती.
एकदा एका पाकिटातून पैंजण वाजलं.
तेही मी सरळ रायपूरच्या खणात टाकलं.

हे सांगून राहिलो, कारण
मे महिन्याच्या एकोणीस तारखेला, भर दुपारी,
कूलरमध्ये पाणी भरून नुकताच टेकलो होतो,
फोन आला.
"लांजेवार साहेब बोलता का?"
आवाज मऊ. पेन्शनचं खातं बंद पडते म्हणे, आज पाचपर्यंत.
मी म्हटलं, बाप्पा, माझा पोरगा रोज सांगत असते,
मी काही सांगणार नाही.
तो म्हणाला, बरोबर आहे, नकाच सांगू.
मी सांगतो, तुम्ही फक्त हो म्हणा.

जन्मतारीख सांगितली. हो.
नंदनवनचा पत्ता, गल्लीसकट. हो.
मग म्हणाला, आई वच्छला, माहेरच्या निखाडे, काटोलच्या.

एकोणतीस वर्षं झाली तिला जाऊन.
घरात ती नुसती "आजी", भिंतीवर.
निखाडे तर तिला लग्नानंतर कोणी म्हटलंच नव्हतं,
अन् हा माणूस, कुठल्या खोलीत बसलेला कोण जाणे,
असं म्हणून राहिला
जसा तिच्या अंगणात लहानपणी खेळला आहे.
माझा हात सैल पडला.
सहा आकडे आले. मी वाचून दाखवले,
एकेक, सावकाश,
जसे पिनकोड वाचायचो नव्या पोरांना.

त्रेसष्ट हजार चारशे.

लाजेनं चार तास घालवले, तेच महाग पडले.
शेवटी सुनेनं माझं तोंड पाहिलं
अन् काही न विचारता एकोणीसशे तीस लावला.

सायबर पोलिसांत सहारे नावाची मुलगी होती,
माझ्या नातीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी.
किती वाजता, तिनं विचारलं.
तेव्हा जवळ कोण होतं.
रक्कम किती.
मी मधेच हसलो. तिला वाटलं, काकांना ऊन लागलं.

एकवीस हजार वाटेतच अडवले त्यांनी.
बाकीचे गेले ते गेले.
मी म्हटलं, पैशाचं राहू दे बाई,
त्याला माझी आई कुठे भेटली?
तिनं माझाच फोन माझ्यापुढे धरला.
आठ दिवसांपूर्वी, मातृदिनाला, मीच लिहिलं होतं,
फोटो लावून: नाव, माहेर, गाव, सारं.
एकशे बारा लोकांनी हात जोडले होते खाली.
त्यातला एक मोजून राहिला होता.

पिशवी मीच उघडी ठेवली होती, अन् आयुष्यभर
दुसऱ्यांच्या गाठी तपासत बसलो.

ती म्हणाली, काका, बँकेच्या त्या प्रश्नाला खोटं उत्तर लिहा.
यंत्राला खरं-खोटं समजत नाही,
पुढच्या वेळी तेच आठवलं पाहिजे, बस.

रात्री बसलो. सोपं नाही हो
आपल्या आईला दुसरं माहेर देणं.
ती होती तेव्हा खरं माहेरही दोनदाच पाहिलं तिनं.
मग एक आडनाव सापडलं,
बरी माणसं असावीत असं,
विहीर असलेलं, दाराशी कडुनिंब असलेलं.
तिथे तिला नेऊन बसवलं. कुठे, ते
सुनेलाही सांगितलं नाही.

अन् तुम्हीही वर वाचलेलं वच्छला, निखाडे
धरून बसू नका.
काटोल तर नाहीच.